जोडे तेच

ओशिवऱ्याच्या तळघरात, भर दुपारी,
पंखा बंद करून मी चालते.
पंखा माइकला चालत नाही.
समोर पडद्यावर भार्गव तेंडोलकर, पतपेढीतला कॅशियर,
जिना चढतोय, आणि त्याच्या पायांना आवाज नाही.
तो मी द्यायचा.

सव्वीस वर्षं लोकांची पावलं चालतेय.
फौजदाराची, नव्या नवरीची,
एकदा एका उंटाची.
माझं नाव येतं तेव्हा लोक
खुर्चीखाली पायाने चपला शोधत असतात.

दिग्दर्शक पोरगी, जुईली, हुशार आहे.
म्हणाली, मावशी, पहिल्या रिळात हा नुसता स्वतःपुरता,
भावाच्या माथी अफरातफर मारून मोकळा झालेला.
शेवटी बदलतो. मग जोडे बदलूया?
काहीतरी मऊ?
मी म्हटलं, जोडे तेच.
बदलायचं तर त्याच जोड्यांत बदलू दे.

पहिला जिना सोपा होता.
काळाचौकीची इमारत, तिसरा मजला,
दोन-दोन पायऱ्या एकदम, टाच आधी,
खिशात किल्ल्या.
वर पोचल्यावर उजवा पाय तो दोनदा आपटतो,
धूळ झटकावी तसा.
हे कुणी लिहिलं नव्हतं.
नटाकडून एकदाच झालं, बहुधा चुकून.
मी ते धरून ठेवलं.
बाजारात, बँकेत, बापाच्या तेराव्याला,
जिथे जिथे उंबरठा आला तिथे
ठक ठक.

शेवटच्या जिन्याला लेखकाने दीड पान भाषण दिलं होतं.
दादा, मी चुकलो, वगैरे.
नट खरंखुरं रडला म्हणतात.
एडिटिंगला ते उडालं.
आता तिथे आहेत फक्त एकवीस पायऱ्या
आणि मी.

पहिला टेक म्हातारा झाला. पश्चात्ताप म्हणजे संधिवात नव्हे.
दुसरा दुःखी झाला. जुईली खूश. मी नाही.
दुःखी कुणालाही चालता येतं.
तिसऱ्यात वरच्या मजल्यावर कुणीतरी फ्लश ओढला.

पाणी प्यायला बसले तर वडील आठवले.
माझगाव गोदीत फिटर.
उजवी टाच घासत यायचे, आणि त्या घासण्याच्या जोरावरून
आम्हा बहिणींना कळायचं, वह्या उघडायच्या की
मोरीत लपायचं.
एका गुरुवारी ती टाच दाराशी येऊन थांबली.
आम्ही मोरीतून मोजत होतो. पन्नासपर्यंत मोजलं.
मग कडी वाजली, अगदी हळू,
दुसऱ्याच्या घरी आल्यासारखी.
त्यानंतरची अकरा वर्षं ती तशीच हळू वाजली.

काय झालं होतं त्या दिवशी, गोदीत की रस्त्यात,
त्यांनी सांगितलं नाही. आईने विचारलं नाही.
मधला सीन माझ्याकडे नाहीच.
आधीचा माणूस आहे, नंतरचा आहे,
आणि दोघांत मिळून एक टाच.
ती शेवटपर्यंत घासली.
घासली म्हणूनच विश्वास बसला हो.
टाचही सुधारली असती तर मी म्हटलं असतं,
हा कुणी दुसराच घरात शिरलाय.

चौथा टेक.
त्याच जोड्यांत, एकेक पायरी, टाच आधीच,
पण वजन अंगठ्यापर्यंत जाऊ दिलं.
किल्ल्या मुठीत दाबल्या, वाजू नयेत म्हणून.
एकोणीस. वीस. एकवीस.
उजवा पाय आपटला. एकदा.
दुसऱ्यांदा उचलला
आणि नुसता ठेवला.

कुणी काही बोललं नाही.
रेकॉर्डिंगवाला इम्तियाझ बटण बंद करायला विसरला,
त्यामुळे तळघराची अर्धा मिनिट शांतता
फुकटात मिळाली.
ठेवूया, म्हणाला.

पडद्यावर भार्गव अजून दाराबाहेरच आहे.
दाराचा आवाज उद्या.
कडी कुठली घ्यावी
ठरलेलं नाही.